ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स व घरातील धर्मशिक्षण

आईची मांडी ही लेकराची पहिली शाळा होय, हे सर्वमान्य आहे. परंतु त्या शाळेत कोणते पुस्तक उघडावे, हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यातील ख्रिस्ती मातापित्यांना आज पडतो. आपली घरे थोडी व गावोगाव विखुरलेली. दर आदितवारी मिस्सेस जाणे सर्वांनाच साधत नाही. यास्तव बायबलातील कथा लेकरांना सांगण्याचा भार घरावरच येतो. बाजारात रंगीत चित्रांची पुस्तके आहेत, मोबाइलवर हलती चित्रे आहेत. पण त्यांतील पुष्कळांची भाषा परकी. दोन-तीन वर्षांच्या बालकापुढे यांतून काय ठेवावे? महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी अशा एका धर्मगुरूंचे चरित्र सादर करीत आहोत, की ज्यांच्यापुढे याच जातीचा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. राणी एलिझाबेथच्या अमदानीत कॅथलिक धर्म उघडपणे पाळणे तेथे संकटाचे झाले होते. स्टीफन्स यांचे मित्र थॉमस पाउंड यांना धर्मासाठी तुरुंगवास पत्करावा लागला. स्टीफन्स रोमला गेले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. त्या खडतर प्रवासाची हकीकत त्यांनी वडिलांस पत्राने कळविली. पुढे त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ साली देह ठेवीपर्यंत, ते याच भूमीत राहिले. त्यांतील बहुतेक काळ त्यांनी साष्टी प्रांतात सेवा केली.

तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती, आणि लोकांच्या मनांत त्याचा दाह होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे येशूसंघाचे पाच जण व त्यांचे काही सोबती मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळविण्यासाठी स्टीफन्स स्वतः गेले. नंतर सत्तेने गावच्या प्रमुखांना ठार करून सूड घेतला. दोन्ही बाजूंचे रक्त पाहिलेल्या या धर्मगुरूंनी लोकांच्या अंतःकरणाकडे जाण्याचा निराळा मार्ग धरिला. तो मार्ग म्हणजे त्यांची भाषा.

स्टीफन्स यांनी कोंकणी आत्मसात केली आणि मराठीचा ग्रंथभाषा म्हणून कसून अभ्यास केला. येथील भाषांचे ग्रीक व लॅटिन भाषांशी साम्य आहे, हे त्यांनी १५८३ सालीच आपल्या भावास लिहिले होते. त्यांची कोंकणीतील प्रश्नोत्तररूप दौत्रिन १६२२ साली, आणि कोंकणीचे व्याकरण १६४० साली, दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर राचोल येथे छापली गेली.

परंतु पाठ करावयाची प्रश्नोत्तरे मनाची भूक भागवीत नाहीत, हे त्यांना आधीच उमगले होते. ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक प्रसंग वर्णिला आहे. आदितवारी दुपारी देवमंदिरात मुलांना दौत्रिन शिकविणे चालले असता एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रींस विनवितो, की दौत्रिन चांगली आहे; परंतु पूर्वीची पुराणे आम्हांस वर्ज्य झाली, तेव्हा त्यांच्या जागी वाचावयास व ऐकावयास काही द्यावे. या मागणीतून तो ग्रंथ उभा राहिला. ज्या घरातील जुन्या कथा गेल्या, तेथे नव्या कथा न आल्यास ते घर मुके होते, हे त्या विनवणीचे मर्म होय.

१६१६ साली राचोल येथे ग्रंथ छापून निघाला. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे जीवन. अनुक्रमे ३६ व ५९ अवस्वर, आणि एकंदर सुमारे अकरा हजार ओव्या. देशी लिपीचे ठसे करून छपाई करावी, अशी मागणी स्टीफन्स यांनी १६०८ साली वरिष्ठांकडे केली होती. तरीही ग्रंथ रोमन लिपीतच निघाला. छंद मात्र अस्सल मराठी. ज्ञानेश्वरांनी गीतार्थ ज्या ओवीत सांगितला, तीच त्यांनी घेतली. स्वर्गास त्यांनी वैकुंठ म्हटले. आपल्या जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि येथील आयाबायांनी जात्यावर पिढ्यान्पिढ्या ओव्या गाइल्या. त्या ओवीशी स्टीफन्स यांचे असे नाते आहे.

१६४९ व १६५४ साली ग्रंथाच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली गोव्याच्या सरकारने देशी भाषांविरुद्ध फर्मान काढले. तरी ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते करून व ओव्या गाऊन ग्रंथ जतन केला. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. परंतु १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापता आला, आणि १९५६ साली पुण्यात देवनागरीत प्रसिद्ध झाला. छापलेला कागद नष्ट झाला, पण घरातील आवाजाने कथा राखली.

या चरित्रावरून मातापित्यांनी बालकांसाठी साधन निवडण्याची कसोटी घ्यावी. पहिली गोष्ट, ते लेकराच्या घरच्या बोलीत सांगता आले पाहिजे. दुसरी, पुस्तक मिटल्यावरही ती कथा तोंडी राहिली पाहिजे. जी आईला पाठ होत नाही, ती लेकराच्या मनात कशी रुजणार? तिसरी, कथांना क्रम असावा. सृष्टीची उत्पत्ती, नोहाचे तारू, गव्हाणीतील बाळ, पुनरुत्थान, अशी एकेक पायरी. चौथी, चित्र असावे, पण बोट ठेवून ओळखता येईल असे साधे. कळपाकडे परत आणलेले मेंढरू किंवा मोहरीचा दाणा आपल्या शिवारातही दाखविता येतो. मोबाइलवरील चित्रे क्वचित दाखवावीत, तीही मांडीवर घेऊन, मध्येच थांबून, स्वतः बोलत. खुद्द ख्रिस्तपुराणाची भाषा आज जुनी वाटते. ते बालकाच्या हाती देण्याचे पुस्तक नव्हे. परंतु आईबापांनी त्यातील एखादा प्रसंग आधी वाचून आपल्या शब्दांत सांगितला, दोन ओव्या चालीवर म्हटल्या, तर पुष्कळ साधेल.

परमुलखातून आलेल्या एका धर्मगुरूंनी आपली भाषा शिकून आपल्याला प्रभूची कथा ऐकविली. तिच भाषेत जन्मलेल्या आपण ती आपल्या लेकरांना ऐकवावी, एवढे ऋण तरी फेडावे. रोज दिवेलागणीस, सायंप्रार्थनेनंतर एक लहानशी कथा. इतका नेम या महोत्सवी वर्षी प्रत्येक कुटुंबाने धरावा, आणि पवित्र मरिया मातेच्या मध्यस्थीने तो सिद्धीस जावो, हीच प्रार्थना.