कर्करोग-संशोधिका कै. डॉ. कमल रणदिवे

थोर स्त्रियांची चरित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे राण्या आणि संत स्त्रिया आधी येतात. प्रयोगशाळेत उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी उभे राहून आयुष्य वेचणारी स्त्री सहसा कोणाला आठवत नाही. मंडळाच्या या स्मरणिकेत अशाच एका विदुषीची ओळख भगिनींना करून द्यावी असे वाटते. कारण त्यांनी हाती घेतलेला प्रश्न आईच्या दुधाचा होता. आईकडून लेकीला काय काय मिळते, याचा होता. हा प्रश्न आपल्या शहापूर-मुरबाडच्या घराघरांतला आहे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यास समर्थ घराण्यात झाला. वडील दिनकरराव फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलींना उत्तम शिक्षण द्यावयाचे, हा त्यांचा निश्चय होता. कमलताईंचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरच्याच घरी पडावे, अशी वडिलांची इच्छा. कमलताईंनी मात्र फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेतले आणि १९३९ साली विवाह केला तो गणिताच्या अभ्यासकाशी. यजमानांचा विषय अगदी निराळा, तरी पत्नीच्या पुढील अभ्यासाला त्यांनी हातभार लावला. १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून कमलताई एम्‌. एस्सी. झाल्या. आपल्या परसात सीताफळ-रामफळाची झाडे असतात ना, त्याच कुळातील वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रे हा त्यांचा विषय होता. बीजात दडलेला पिढीजात वारसा सूक्ष्मदर्शकातून पाहण्याची सवय त्यांना तेथेच लागली.

पुढे संसार मुंबईस आला. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते. तेथे थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंतराव खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच्‌. डी. मिळविली. नंतर शिष्यवृत्ती घेऊन त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवून वाढविण्याची विद्या त्या तेथे शिकल्या. परदेशी राहणे सोपे असताना त्या मायदेशी परतल्या व भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशातील या प्रकारच्या पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालकपदाची धुराही त्यांनीच वाहिली.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे वळू. ज्यांच्या गोठ्यात गाईगुरे आहेत, त्यांना आई मेलेले वासरू दुसऱ्या गाईला लावणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. अमेरिकेतील जॉन बिटनर या शास्त्रज्ञाने उंदरांच्या बाबतीत नेमके तेच केले. उंदरांच्या काही वाणांत माद्यांना स्तनाचा कर्करोग हटकून होई, काहींत क्वचितच होई. रोगट वाणाची पिल्ले जन्मताच निरोगी माद्यांच्या अंगावर पाजली, तेव्हा त्यांच्यातील रोगाचे प्रमाण एकदम घटले. याचा अर्थ, रोगाचे काहीतरी कारण दुधातून जात होते. हे १९३६ साली प्रसिद्ध झाले. पुढे ते कारण म्हणजे एक विषाणू आहे असे ठरले.

परंतु एवढ्याने उकल होत नव्हती. विषाणू असूनही काही माद्या निरोगी राहत, आणि दूध बदलूनही काहींना रोग होई. कमलताईंनी उंदरांचे वाण वर्षानुवर्षे सांभाळून याच गाठीवर काम केले. विषाणू, स्त्रीच्या शरीरातील अंतःस्राव आणि आनुवंशिक ठेवण ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत, हे ज्यांनी लवकर ओळखले त्यांत त्यांचे नाव घेतले जाते. या कामाबद्दल १९६४ साली त्यांना मानाचे पुरस्कार मिळाले.

दूध बदलूनही रोग का होई, याचे उत्तर पुढे मिळाले. हा विषाणू ज्या जातीचा आहे, त्या जातीचे विषाणू पेशीत शिरले की स्वतःच्या मजकुराची नक्कल करून ती पेशीच्या गुणसूत्रातच जोडून देतात. नक्कल करणारे त्यांचे विकर १९७० साली सापडले व त्या शोधाला १९७५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अशी जोडणी बीजपेशीत झाली, तर विषाणूचा मजकूर पुढच्या पिढीच्या प्रत्येक पेशीत जातो. सातबाऱ्यावर एखादी नोंद एकदा चढली की वारसांच्या उताऱ्यांवर ती उतरत राहते, तसेच हे. उंदरांत हा विषाणू दोन्ही वाटांनी जातो, दुधातून आणि बीजातूनही.

माणसाची गोष्ट काय? मानवाच्या संपूर्ण जनुकीय मजकुराचा पहिला मसुदा फेब्रुवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला सुमारे ८ टक्के भाग अशा पुरातन विषाणूंच्या अवशेषांचा निघाला. शरीरातील प्रथिने घडविणारा मजकूर जेमतेम दोन टक्क्यांच्या घरात, आणि विषाणूंचे अवशेष त्याच्या चौपट! त्यांतले बहुतेक कोट्यवधी वर्षांपूर्वीचे आहेत. नक्कल होता होता अक्षरे पुसली गेली, तुकडे गळाले, आणि आता त्यांतून जिवंत विषाणू निघत नाही. दोन चुलत घराण्यांच्या कागदांत एकाच ओळीवर तीच चूक आढळली, तर दोन्ही कागद एकाच मूळ प्रतीवरून उतरले हे उघड होते. चिंपांझीच्या गुणसूत्रांत नेमक्या त्याच जागी तेच अवशेष आढळतात. त्यावरून दोघांचे पूर्वज एक होते हे कळते.

या जुन्या पाहुण्यांपैकी काहींना शरीराने कामालाही लावले आहे. विषाणूच्या आवरणाचे एक जनुक आपल्या शरीरात सिन्सिटिन नावाचे प्रथिन तयार करते. गर्भाशयात वारेच्या पेशी एकमेकींत मिसळून जो सलग पडदा होतो, तो घडविण्यात त्याचा वाटा आहे. हे २००० साली उजेडात आले. त्याच पडद्यातून आईच्या रक्तातील पोषण बाळाला पोहोचते. एके काळी रोग घेऊन आलेला परका असा बाळंतिणीच्या सेवेला लागला, हे सृष्टीचे केवढे नवल!

यात एक भीतीही दडलेली होती. दुधातून उंदराला कर्करोग जातो, मग मुलीला आईच्या दुधातून जाईल काय? मुंबईच्या पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असल्याने तेथील मातांचे दूध तपासण्यात आले. उंदरांतील विषाणूसारखे दिसणारे कण त्यात आढळल्याचे १९७१ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर चिंता पसरली. पुढील तपासण्यांत मात्र आईच्या दुधातून मुलीला हा रोग होतो असे सिद्ध झाले नाही. उलट, अंगावर पाजल्याने आईचा धोका काही अंशी कमी होतो, असेच दिसून आले. काही घराण्यांत हा रोग पिढीजात दिसतो, त्यास बिघडलेली काही जनुके कारण असतात. अशी दोन महत्त्वाची जनुके १९९४ व १९९५ साली हाती लागली. ती आईकडून येतात तशी बापाकडूनही येतात. म्हणून सुनेच्या माहेराला बोल लावण्याचे काही कारण नाही.

कमलताई प्रयोगशाळेतच बसून राहिल्या नाहीत. विज्ञानात काम करणाऱ्या मुलींना घर आणि काम सांभाळताना आधार हवा, म्हणून १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आणि सत्तरी ओलांडल्यावर, १९८९ च्या सुमारास, त्या आल्या कोठे? आजोबाच्या डोंगरापलीकडे, आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात! तेथील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करण्यात त्यांनी भाग घेतला आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याविषयी सल्ला दिला. जे कुपोषण त्यांनी घाटावर पाहिले, ते आपल्या ठाकूर-कातकरी पाड्यांना परके नाही.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. मानवाच्या गुणसूत्रांतील विषाणूंची मोजदाद जगापुढे येऊन तेव्हा दोनच महिने झाले होते.

भगिनींनो, या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. बाळाला निःशंक मनाने अंगावर पाजावे. स्तनात गाठ लागली, तर लाजेने ती पदराआड झाकू नये. दुखत नाही म्हणून थांबू नये. डॉक्टरांना वेळीच दाखवावी. आणि घरातील एखादी मुलगी सीताफळाची बी फोडून आत काय आहे असे विचारू लागली, तर तिला गप्प बसवू नये. तिच्या हाती पुस्तक द्यावे.