प्लेगच्या जंतूचे शोधक डॉ. अलेक्सांद्र यर्सिन

गांठीच्या तापाचें नांव आमच्या घराण्यांतून तीन-चार पिढ्या भीतीनें घेतलें जात असे. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं तो प्रथम ओळखला. पुढें तो पुण्यास गेला, आणि रुग्णांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजीं त्यालाच बळी पडल्या. हिंदुस्थानांत या रोगानें पुढील कांहीं दशकांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. त्याचा जंतु ज्यांनीं दोनच वर्षें आधीं हाँगकाँग येथें शोधून काढला होता, त्या डॉ. यर्सिन यांचें चरित्र आम्ही या अंकांत वाचकांस सादर करीत आहों.

यर्सिन यांचा जन्म २२ सप्टेंबर १८६३ रोजीं स्वित्झर्लंडमधील ओबोन या गांवीं झाला. वडील किड्या-मुंग्यांच्या अभ्यासाचे मोठे शोकीन. पण मुलाचें तोंड पाहण्यापूर्वींच ते वारले. आईनें मोर्ज येथें मुलींची शाळा चालवून मुलांना वाढविलें. लोझान, मारबुर्ग व पॅरिस येथें वैद्यकाचें शिक्षण चालू असतां एका पिसाळी झालेल्या रुग्णाचें शवच्छेदन करतांना यर्सिन यांच्या बोटास जखम झाली. लस टोचून घेण्यासाठीं ते पाश्चर यांच्या प्रयोगशाळेंत गेले, आणि १८८६ सालापासून तेथेंच काम करूं लागले. पाश्चर यांचे सहकारी एमिल रू यांच्याबरोबर त्यांनीं घटसर्पाच्या जंतूपासून निघणारें विष वेगळें करून दाखविलें, तेव्हां त्यांचें वय अवघें पंचवीस वर्षांचें होतें.

एवढी कीर्ति पायाशीं लोळत असतां दुसरा कोणी पॅरिस सोडता ना. यर्सिन यांना मात्र प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहवेना. १८९० सालीं ते आगबोटीवर डॉक्टर म्हणून नोकरीस लागले व आजच्या व्हिएतनाममध्यें जाऊन पोहोंचले. तेथील डोंगर पायीं तुडवून त्यांनीं नकाशे काढले. ज्या पठारावर पुढें दालात शहर वसलें, तें त्यांनीं १८९३ सालीं पाहिलें.

१८९४ सालीं दक्षिण चीनमधून प्लेग हाँगकाँगला आला. फ्रेंच सरकारच्या आज्ञेनें यर्सिन १५ जून रोजीं तेथें उतरले; पण त्यांच्यापूर्वीं तीन दिवस जपानचे विख्यात जंतुशास्त्रज्ञ किटासाटो आपल्या मंडळीसह येऊन दाखल झाले होते. इंग्रज अधिकाऱ्यांनीं सर्व सोयी किटासाटोंना दिल्या. प्रेतें तपासावयास मिळालीं तींही त्यांनाच. यर्सिन यांनीं रुग्णालयाजवळ बांबू व गवताची एक झोपडी उभारली, सूक्ष्मदर्शक मांडला, आणि एका इटालियन मिशनरी पाद्र्यांच्या मध्यस्थीनें प्रेतें पुरणाऱ्या खलाशांच्या हातावर चार पैसे ठेवून शवागारांत प्रवेश मिळविला. वाचकांपैकीं कोणाला हा मार्ग रुचणार नाहीं. परंतु त्या शवागारांत रोज नवीं प्रेतें येत होतीं, आणि दार उघडावयास दुसरा उपाय नव्हता, हेंही ध्यानांत ठेवावें.

२० जून रोजीं त्यांनीं प्रेताच्या जांघेंतील गांठीचा रस कांचेवर घेतला. त्यांत आखूड, गोलसर टोकांच्या जंतूंची नुसती गर्दी होती. झोपडींत ऊब देणारी पेटी नसल्यामुळें त्यांनीं ते जंतु बाहेरच्या हवेंतच वाढविले, आणि ही उणीवच त्यांच्या पथ्यावर पडली. कारण प्लेगचा जंतु माणसाच्या अंगच्या उष्णतेपेक्षां थोडा थंडाव्यांत, २८ अंशांच्या सुमारास, उत्तम वाढतो. किटासाटो यांनींही जंतु पाहिले होते, पण त्यांच्या वर्णनांत पुढें पुष्कळ घोटाळा आढळला. मान दोघांनाही द्यावा, तथापि निःसंदिग्ध वर्णन यर्सिन यांचेंच, असें आमचें मत आहे. शहरांत मरून पडलेल्या उंदरांतही तोच जंतु असल्याचें यर्सिन यांनीं दाखविलें. उंदरापासून माणसापर्यंत तो पिसवेमार्फत येतो, हें पॉल-लुई सिमाँ यांनीं १८९८ सालीं कराचींत सिद्ध केलें.

१८९७ सालीं यर्सिन स्वतः मुंबईस आले होते. आपल्या रक्तद्रवानें रोगी बरे होतील अशी त्यांना मोठी आशा होती. ती येथें फळली नाहीं. त्याच वर्षीं हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार करून १० जानेवारीस ती आपल्याच अंगांत टोचून घेतली होती. यर्सिन न्हा-त्रांग या समुद्रकांठच्या गांवीं परत गेले. तेथें त्यांनीं पाश्चर संस्था काढली, रबराचीं व सिंकोन्याचीं झाडें लावलीं, आणि आभाळ व भरती-ओहोटी यांच्या नोंदी केल्या. शेजारचे कोळी त्यांना घरच्यासारखे मानीत. १ मार्च १८४३ नव्हे, १९४३ रोजीं, म्हणजे ऐन महायुद्धांत, ते तेथेंच निवर्तले.

हा जंतु आला कोठून, हा प्रश्न मात्र त्यांच्या हयातींत सुटणें शक्य नव्हतें. प्रत्येक जीवाच्या पेशींत त्याची सगळी घडण चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. या संपूर्ण लेखास जीनोम म्हणतात. नक्कल होतांना क्वचित् एखादें अक्षर चुकतें, आणि ती चूक पुढच्या नकलांत उतरते. ज्ञानेश्वरीच्या अनेक पोथ्या ताडून एकनाथांनीं १५८४ सालीं शुद्ध पाठ सिद्ध केला, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. ज्या दोन पोथ्यांत एकच चूक, त्यांचें मूळ बहुधा एक. शास्त्रज्ञ जंतूंची वंशावळ नेमकी अशीच लावतात.

प्लेगच्या जंतूचा जीनोम २००१ सालीं इंग्लंडमध्यें पूर्ण वाचला गेला. त्यांत सुमारें साडेसेहेचाळीस लाख अक्षरें आहेत, आणि सुमारें १५० जनुकें मोडून निकामी झालेलीं आहेत. पोटाचा साधा विकार करणाऱ्या एका जंतूपासून हा निपजला. त्यानें जुनीं हत्यारें टाकलीं व थोडीं नवीं घेतलीं. त्यांपैकीं एक जनुक त्याला पिसवेच्या पोटांत जगूं देतें. पांच हजार वर्षांपूर्वींच्या माणसांच्या दांतांत सांपडलेल्या प्लेगच्या जंतूंत तें जनुक नाहीं, हें २०१५ सालीं दिसून आलें. म्हणजे माणसें मारण्यास तो पिसवेच्या आधींच शिकला होता.

दांतांचा उल्लेख आला तो अशासाठीं, कीं दांताच्या गाभ्यांत मृताच्या रक्तांतील जंतूंचे अवशेष शतकानुशतकें टिकतात. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमींत १३४८ ते १३५० या काळांत पुरलेल्या लोकांच्या दांतांतून २०११ सालीं त्या काळच्या प्लेगचा जीनोम वाचण्यांत आला. आजच्या जंतूपासून तो शंभर अक्षरांनींही वेगळा निघाला नाहीं. यावरून त्या महामारीची भीषणता केवळ जंतूच्या अंगीं नव्हती, उपासमार, दाटी व अज्ञान यांचाही तींत वांटा असावा, असें आम्हांस वाटतें. ५४१ सालीं सुरू झालेल्या जस्टिनियन बादशहाच्या वेळच्या साथीची शाखा मात्र निराळी, आणि आज ती कोठेंही आढळत नाहीं.

२०२२ सालीं किरगिझस्तानांतील इसिक-कुल सरोवराजवळच्या ख्रिस्ती थडग्यांची गोष्ट प्रसिद्ध झाली. तेथील १३३८ व १३३९ सालच्या कांहीं शिळांवर मृत्यूचें कारण महामारी म्हणून सिरियाक भाषेंत कोरलेलें होतें. त्या शिळांखालच्या दांतांत प्लेगचाच जंतु निघाला, आणि वंशावळींत तो ज्या ठिकाणीं बसला, तेथूनच युरोपांत गेलेली शाखा व इतर मोठ्या शाखा फुटतात. त्यांतलीच एक फांदी युन्नानमार्गें हाँगकाँगला पोहोंचली, तेथून आगबोटींतल्या उंदरांबरोबर जगभर पसरली, आणि मादागास्कर व अमेरिका येथें आजही तिचे वंशज जिवंत आहेत. गवताच्या झोपडींत यर्सिन यांनीं कांचेवर पाहिलेला जंतु तो हाच. पुष्कळ वर्षें त्याला पाश्चर यांच्या नांवावरून पाश्चरेला म्हणत. आतां शास्त्रीय ग्रंथांत त्याचें नांव यर्सिनिया पेस्टिस असें आहे.