संगीतरत्न खांसाहेब अब्दुल करीम खां

रायगड जिल्ह्यात पेण व रोहे यांच्या परिसरात वसलेले गागोदे बुद्रुक हे लहानसे गाव आमच्या वाचकांस आचार्य विनोबा भावे यांची जन्मभूमी म्हणून ठाऊक आहेच. विनोबाजींचा जन्म येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. त्यांचे वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास जाऊन राहिले, हेही पुष्कळांस माहीत असेल. परंतु याच नरहरपंतांनी उतारवयात एका मुसलमान उस्तादाजवळ बसून संगीताचा अभ्यास केला, आणि जुन्या उस्तादांची विद्या त्यांच्याबरोबरच लयास जाऊ नये म्हणून संगीतावरील दोन ग्रंथ पदरचे पैसे खर्चून छापविले, ही गोष्ट फार थोड्यांच्या कानी गेली आहे. ज्या बडोद्यात त्यांचा संसार झाला, त्याच बडोद्याच्या दरबारात काही वर्षे आधी एक तरुण गवई चाकरीस होता. त्याचे चरित्र आज आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो. तो गवई म्हणजे खांसाहेब अब्दुल करीम खां.

हेच चरित्र का निवडले, हे आधी सांगितले पाहिजे. हल्ली आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या हाती गिटार दिसते, आणि तिच्या जोडीला पायाशी एक संगणकी पेटी असते. त्या पेटीची बटणे फिरवून नादातील खालचा, मधला व वरचा भाग हवा तेवढा वाढविता किंवा घटविता येतो. एकच नाद डाव्या व उजव्या कानी किंचित निरनिराळा पोहोचवून, वादक जणू एखाद्या विस्तीर्ण मंदिरात बसला आहे असा भासही उत्पन्न करिता येतो. ही सोय उत्तम आहे. तीस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु नादाला आकार देण्याची ही विद्या पेटीबरोबर जन्मास आली, असे कोणी समजेल तर ती भूल होईल. ज्या काळी वीज घरोघर नव्हती, त्या काळी आपल्याच प्रांतात एक पुरुष सुताच्या एका धाग्याने हेच कार्य करीत होता.

अब्दुल करीम खां यांचा जन्म इ. स. १८७२ मध्ये उत्तर हिंदुस्थानातील कैराना या गावी गवयांच्या घराण्यात झाला. याच गावावरून त्यांच्या गायकीस किराणा घराणे हे नाव पडले. वडील काले खां व चुलते अब्दुल्ला खां यांजकडून त्यांस गायनाची तालीम मिळाली. गळ्याबरोबर सारंगी, वीणा इत्यादी तंतुवाद्यांवरही त्यांचा हात बसला. आणि पुढे त्यांच्या गाण्यात जो तारेसारखा अखंड ओढलेला स्वर ऐकू येई, त्याचे मूळ या वाद्यांच्या सहवासात असावे, असे आम्हांस वाटते. तारुण्यात ते बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्याच्या दरबारी राहिले. तेथेच त्यांचा सरदार माने यांच्या घराण्यातील ताराबाईंशी संबंध जुळला, आणि उभयतांनी बडोदे सोडून मुंबई इलाख्याची वाट धरिली. पुढे मिरज ही त्यांची कर्मभूमी झाली.

मिरजेस ते स्थिरावले याहून योग्य योग दुसरा नव्हता. या नगरीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे व सतारी घडविण्याचा धंदा चालत आला आहे. तो आरंभिणारे कारागीर मूळचे शस्त्रे घडविणारे शिकलगार होते. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा त्याच हातांनी भोपळा, लाकूड व तारा जवळ केल्या. पंढरपूरच्या बाजूस पिकणारे मोठे भोपळे आणून त्यांचे तंबोरे करावयाचे, हा तेथील क्रम. इ. स. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास सरकारचे भौगोलिक मानांकन मिळाले, हे आमच्या वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. अशा गावी खांसाहेबांसारखा चोखंदळ कानाचा गवई राहावयास आला, हे कारागिरांचे भाग्य आणि गवयाचेही भाग्य.

आता तंबोऱ्याचे मर्म थोडे समजून घेऊ. तंबोऱ्यास सामान्यतः चार तारा असतात: एक पंचमाची किंवा मध्यमाची, दोन जोडीच्या षड्जाच्या व एक खर्जाची. या तारा भोपळ्यावरील घोडीवरून जातात. इतर बहुतेक वाद्यांत घोडीची कड धारदार असते व तार तीस एकाच ठिकाणी टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद, सपाट व किंचित उतरती असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा एक बारीक धागा सरकवितात. तो धागा योग्य जागी आला, की कंप पावणारी तार घोडीच्या पाठीस हलकेच स्पर्श करीत राहते, आणि मूळ स्वराच्या पोटात दडलेले वरचे सूक्ष्म स्वर एकामागून एक उमलू लागतात. यासच जव्हारी लागणे म्हणतात. धागा केसभर पुढे गेला तर नाद मुका होतो. केसभर मागे राहिला तर तो झणझणतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी इ. स. १९२१ मध्ये या घोडीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तारेविषयीचे युरोपातील जुने नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे दाखवून दिले.

आजच्या पेटीवरील बटण जे करिते, तेच हा धागा करितो. भेद इतकाच की, बटणाजवळ आकडा लिहिलेला असतो. धाग्याजवळ कानाखेरीज दुसरा साक्षी नसतो. गायकाच्या मागे डावीकडे एक व उजवीकडे एक असे दोन तंबोरे ठेवण्याची आपली रीतही विचार करण्यासारखी आहे. दोन्ही एकाच स्वरात मिळविलेले असले, तरी दोन भोपळे व दोन हात कधी तंतोतंत सारखे नसतात. त्या सूक्ष्म भेदामुळे गायकाभोवती नादाचे एक घर उभे राहते, आणि त्या घरात बसून तो गातो. खांसाहेब हे घर बांधण्यात कधी घाई करीत नसत. तंबोरा मनासारखा लागल्याशिवाय त्यांच्या गाण्यास आरंभ होत नसे. वाद्ये आपल्या हातांनी दुरुस्त करण्याचाही त्यांस मोठा नाद होता.

या बारीक कानाचा उपयोग शास्त्रासही झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त सरकारी अधिकारी. आपल्या संगीतातील बावीस श्रुती मोजून सिद्ध कराव्या, असा त्यांनी ध्यास घेतला, आणि त्यासाठी खांसाहेबांच्या कंठाचे साहाय्य मिळविले. देवलांचा ग्रंथ इ. स. १९१० मध्ये निघाला. त्यांचे सहकारी क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश होते. या शोधातील एक उदाहरण विद्यार्थ्यांस सहज समजेल. षड्ज सेकंदास २४० आंदोलनांचा धरला, तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गांधार त्या सप्तकात ३०० आंदोलनांचा येतो. बाजारच्या पेटीचा गांधार मात्र सुमारे ३०२ वर पडतो. दोन आंदोलनांचा हा भेद पुष्कळांच्या कानांस कळतही नाही. खांसाहेबांस तो सोसवत नसे. श्रुतींचे शुद्ध स्वर वाजविणारी एक निराळी पेटीही पुढे तयार करविण्यात आली. इ. स. १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीत तज्ज्ञांनी ती मान्य केली नाही. तथापि ज्या कानाने तो भेद प्रथम ओळखिला, त्याचे मोल या निकालाने उणे होत नाही.

खांसाहेबांनी विद्या स्वतःपुरती ठेविली नाही. इ. स. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. त्या काळी घराण्याची विद्या सहसा घराबाहेर जात नसे. येथे मात्र हिंदू घरांतील मुले एका मुसलमान उस्तादाच्या छत्राखाली राहून शिकत. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच पुढे नावारूपास आलेले सवाई गंधर्व, हे त्यांचे पट्टशिष्य. त्यांच्या कडून ही परंपरा भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल यांजकडे आली. म्हैसूर दरबारी खांसाहेबांचा मोठा सन्मान झाला. दक्षिणेच्या सहवासात त्यांनी कर्नाटक संगीतातील सरगमाची रीत आदराने उचलिली आणि त्यागराजांच्या कृतीही ध्वनिमुद्रित केल्या. मराठी नाटकांतील पदे गाण्यातही त्यांनी कमीपणा मानिला नाही. त्यांनी आपल्या टिपू नावाच्या कुत्र्यासही स्वरात साद घालावयास शिकविले होते, अशी एक गमतीची गोष्ट सांगतात. ती ऐकून आमचे लहान वाचक हसतील. परंतु मुक्या प्राण्याच्या ओरडण्यातही ज्यास स्वर ऐकू येतो, तो मनुष्य आपल्या शिष्यांविषयी किती धीर धरीत असेल, याचाही त्यांनी विचार करावा.

मोठ्या पुरुषांची चरित्रे लिहिताना केवळ यशच सांगावे, हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. खांसाहेबांचा संसार शेवटपर्यंत एकत्र राहिला नाही. ताराबाई मुलांस घेऊन विभक्त झाल्या, आणि ज्याने परक्यांची मुले घरी ठेवून गाणे शिकविले, त्याचे स्वतःचे घर मात्र रिकामे झाले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वती राणे ही त्यांची मुले पुढे गायनात कीर्तिमान झाली. पण पित्याच्या छायेपासून दूर राहून. दोष कोणाचा, हे ठरविणे आमचे काम नव्हे. खांसाहेबांच्या उत्तरवयातील ध्वनिमुद्रिकांत जी करुणा ओथंबलेली आहे, तिचा संबंध अनेक रसिक या दुःखाशी जोडितात. या ध्वनिमुद्रिका जेमतेम तीन मिनिटांच्या. तरीही त्यांतील बारीक, आर्त व अतिशय सुरेल आवाज ऐकणारास क्षणभर स्तब्ध करितो. पहाडी, घुमारदार आवाजाचा त्या काळी मोठा मान होता. खांसाहेबांनी मात्र भारदस्तपणाचा मोह सोडून, हळुवार पण तंबोऱ्यात पूर्णपणे विरघळणारा स्वर आयुष्यभर घासून पुसून सिद्ध केला.

इ. स. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासकडून पाँडेचेरीस निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली, म्हणून सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. तेथे फलाटावरच बिछाना घातला गेला. सांगतात की, त्यांनी तंबोरा मिळवून घेतला व दरबारी रागाच्या स्वरांत परमेश्वराची प्रार्थना केली. त्याच रात्री, २७ ऑक्टोबर रोजी, त्यांनी देह ठेविला. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ तेथे उरुसात गवई येऊन हजेरी लावितात.

आमच्या विद्यार्थिमित्रांस आता इतकेच सांगावयाचे आहे. तुमच्या हाती गिटार असो, पेटी असो की भजनाचा तंबोरा असो, बटणे अवश्य फिरवा. परंतु त्याआधी डोळे मिटून ऐका. कोणता भाग अधिक झाला, कोणता उणा राहिला, हे यंत्र सांगणार नाही. ते तुमच्या कानास कळले पाहिजे. आणि पालकांस आमची विनंती अशी की, मूल तास न् तास एकच स्वर घोळीत बसले, तर त्याचा वेळ व्यर्थ जात आहे असे घाईने म्हणू नये. कैरान्याच्या एका मुलाने असाच वेळ घालविला, आणि गागोद्याच्या नरहरपंतांनी उतारवयातही तो घालविण्यास मागेपुढे पाहिले नाही. ईश्वराने कान सर्वांस दिले आहेत; त्यांस ऐकावयास शिकविणे मात्र त्याने आपणांवर सोपविले आहे.