थॉमस मिजली

थॉमस मिजली (जन्म : १८ मे १८८९, बीव्हर फॉल्स, पेनसिल्व्हेनिया, मृत्यू : २ नोव्हेंबर १९४४, वर्दिंग्टन, ओहायो) हे अमेरिकन यंत्र अभियंता व रसायनतज्ज्ञ होते. पेट्रोलमध्ये मिसळावयाचे टेट्राएथिल लेड आणि शीतयंत्रांत वापरावयाचा फ्रिऑन वायू ही त्यांची दोन प्रमुख संशोधने होत. पहिल्यामुळे मोटारींची इंजिने अधिक शक्तिशाली करता आली, तर दुसऱ्यामुळे गाडीच्या आतील हवा सुरक्षितपणे थंड करणे शक्य झाले. दोन्ही पदार्थांच्या दुष्परिणामांमुळे पुढे जगभर त्यांच्यावर बंदी घालावी लागली. जुन्या स्पोर्ट्स कारच्या वातानुकूलन यंत्रणेत आज जे बदल करावे लागतात, त्यांचे मूळ मिजली यांच्या दुसऱ्या संशोधनात आहे.

प्रारंभिक जीवन

मिजली यांचे घराणे संशोधकांचे होते. वडिलांनी मोटारीच्या टायरांत सुधारणा केल्या होत्या, तर आईचे वडील जेम्स इमर्सन यांनी दाते बदलता येतील अशी करवत तयार केली होती. मिजली यांचे बालपण ओहायो राज्यातील कोलंबस येथे गेले. १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि त्याच वर्षी कॅरी रेनॉल्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रसायनशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. पुढे अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या गृहस्थाने ते शास्त्र बहुतांशी स्वतःच आत्मसात केले, हे विशेष होय.

१९१६ मध्ये ते डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली रुजू झाले. केटरिंग यांनी मोटारीचा विद्युत प्रारंभक घडविला होता. ही संशोधनशाळा पुढे जनरल मोटर्स कंपनीत विलीन झाली आणि मिजली यांचे महत्त्वाचे काम त्या कंपनीसाठीच झाले.

इंजिनातील ठोके व शिसे

त्या काळच्या इंजिनांवर भार पडला की आतून ठोके ऐकू येत. त्यामुळे शक्ती वाया जाई आणि दट्ट्याही खराब होई. दोष केटरिंग यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या प्रज्वलन पद्धतीचा आहे, असा आक्षेप होता. दोष इंधनाच्या जळण्यात आहे, हे मिजली यांनी दाखवून दिले. इंधनाला लाल रंग दिल्यास ते उष्णता लवकर शोषून घेईल, अशा कल्पनेने त्यांनी हाताशी असलेले आयोडीन त्यात मिसळले आणि ठोके थांबले. इतर लाल रंग वापरून पाहिले असता मात्र काहीच फरक पडला नाही. कल्पना चुकीची होती, पण इंधनात अल्प प्रमाणात रसायन मिसळून ठोके थांबविता येतात, हे तिच्यातूनच कळले.

त्यानंतर अनेक वर्षे संयुगांमागून संयुगे तपासण्यात गेली. टेल्युरियमची संयुगे उपयोगी ठरली, परंतु त्यांची दुर्गंधी कामगारांच्या अंगाला व कपड्यांना चिकटून राही. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेडची चाचणी यशस्वी झाली. हजार भाग पेट्रोलला सुमारे एक भाग पुरत असे. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे हे पेट्रोल विक्रीस आले.

शिशाची विषबाधा तेव्हा अज्ञात नव्हती. स्वतः मिजली यांना तिची बाधा झाली आणि १९२३ च्या आरंभी त्यांना विश्रांतीसाठी फ्लॉरिडात जावे लागले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात या द्रव्याच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. त्यानंतर मिजली यांनी वार्ताहरांसमोर ते द्रव्य हातावर ओतून घेतले आणि मिनिटभर त्याचा वास घेऊन दाखविला. काही काळ विक्री थांबविण्यात आली. १९२६ मध्ये तज्ज्ञ समितीने हिरवा कंदील दाखविल्यावर ती पुन्हा सुरू झाली. कारखान्यात माणसे मरत असतानाचे हे प्रात्यक्षिक त्यांच्या चरित्रातील सर्वांत असमर्थनीय कृती मानावे लागते.

फ्रिऑनचा शोध

१९२८ च्या सुमारास केटरिंग यांनी त्यांच्यावर नवी जबाबदारी सोपविली. जनरल मोटर्सचा फ्रिजिडेअर हा विभाग घरगुती शीतकपाटे तयार करीत असे. त्या काळच्या शीतकपाटांत सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड किंवा अमोनिया यांपैकी एखादा वायू असे. हे वायू विषारी होते आणि काही पेटही घेत. नळीतून गळती झाली तर घरातील माणसांच्या जिवावर बेतत असे. बंद मोटारीत असा वायू खेळविण्याचा विचारही कोणी केला नसता.

मिजली यांनी आल्बर्ट हेन व रॉबर्ट मॅकनेरी या सहकाऱ्यांसह मूलद्रव्यांची आवर्त सारणी समोर ठेवली. सारणीत उजवीकडे जावे तसा ज्वलनशील संयुगे देण्याचा मूलद्रव्यांचा कल कमी होतो आणि खालून वर जावे तशी विषारीपणाची मात्रा घटते, असे त्यांच्या ध्यानात आले. दोन्ही वाटा फ्लुओरीनपाशी एकत्र येत होत्या. स्वतः फ्लुओरीन अतिशय दाहक असल्याने त्याची संयुगेही घातक असणार, असा सर्वसाधारण समज होता. बेल्जियन रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक स्वार्ट्स यांनी अशी संयुगे १८९० च्या दशकातच तयार केली होती, परंतु शीतयंत्रासाठी त्यांचा विचार झाला नव्हता.

पहिल्या प्रयोगात योगायोगाचा वाटा मोठा होता. संयुग तयार करण्यासाठी लागणाऱ्या अँटिमनी ट्रायफ्लुओराइडच्या मोजक्याच बाटल्या मिळाल्या. त्यांपैकी एकीतील द्रव्यापासून बनविलेला वायू गिनीपिगला हुंगविला, तेव्हा प्राण्याला काहीही झाले नाही. दुसऱ्या बाटलीच्या वेळी मात्र प्राणी मेला. उरलेल्या बाटल्यांतील द्रव्य ओलसर होते आणि त्यामुळे वायूत फॉस्जीन हे विष मिसळले जात होते, असे नंतर आढळले. पहिल्यांदा हाती आलेली बाटली नेमकी शुद्ध द्रव्याची निघाली नसती, तर हा मार्ग तेव्हाच सोडून दिला गेला असता.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटा येथील अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि सावकाश सोडीत मेणबत्ती विझवून दाखविली. वायू विषारी नाही व पेट घेत नाही, या दोन्ही गोष्टी त्यातून सिद्ध झाल्या. शिशाच्या प्रात्यक्षिकाशी याचे बाह्य साम्य असले, तरी या वेळी दाखविलेली गोष्ट खरी होती. जनरल मोटर्स व ड्यू पाँ यांनी मिळून १९३० मध्ये उत्पादनासाठी स्वतंत्र कंपनी काढली. डायक्लोरोडायफ्लुओरोमिथेन हे या कुळातील प्रमुख संयुग फ्रिऑन-१२ किंवा आर-१२ या नावाने प्रसिद्ध झाले. ते सुमारे उणे ३० अंश सेल्सिअसला उकळते, धातूंना खात नाही आणि यंत्रातील खनिज तेलात सहज मिसळते.

मोटारीतील वातानुकूलन

पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या अखेरीस वातानुकूलित मोटार लोकांसमोर आणली. तिची शीतयंत्रणा सामानाच्या डिकीत बसविलेली होती. कॉम्प्रेसर बंद करण्यास क्लच नव्हता, त्यामुळे थंडावा नको असल्यास गाडी थांबवून पट्टा काढावा लागे. ही सोय थोड्याच काळात बंद पडली. १९५३-५४ नंतर क्रायस्लर, जनरल मोटर्स व नॅश यांनी सुधारित यंत्रणा आणल्या. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र ही सोय उशिरा आली, कारण वजन वाढविणारी कोणतीही वस्तू त्या गाड्यांत नकोशी असे. जनरल मोटर्सच्या शेवरोले कॉर्व्हेट या गाडीत १९६३ पासून वातानुकूलन मागणीनुसार मिळू लागले. पहिल्या वर्षी अशा २७८ गाड्याच तयार झाल्या. मिजली यांना हा विस्तार पाहता आला नाही.

आजारपण व मृत्यू

१९३७ मध्ये पर्किन पदक, १९४१ मध्ये प्रीस्टली पदक आणि १९४२ मध्ये विलार्ड गिब्ज पदक असे मोठे सन्मान मिजली यांना लाभले. १९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांना पोलिओ होऊन पाय निकामी झाले. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्यांनी दोऱ्या व कप्प्यांची एक योजना स्वतःच तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळून त्यांचा मृत्यू झाला. हा अपघात होता की आत्महत्या, याविषयी मतभेद आहेत. त्या वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

ओझोनचा प्रश्न

फ्रिऑनचा जो स्थिरपणा गुण मानला गेला, तोच पुढे दोष ठरला. हवेत सुटलेला हा वायू खालच्या थरांत विघटित होत नाही. शेरवूड रोलँड व मारिओ मोलिना यांनी १९७४ मध्ये असे दाखविले की, तो हळूहळू स्थितांबरात पोहोचतो, तेथे अतिनील किरणांनी त्यातील क्लोरीन मोकळे होते आणि क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले खिंडार उघडकीस आले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. रोलँड, मोलिना व पॉल क्रुट्झेन यांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मिजली यांच्या दोन्ही संशोधनांना एकाच मापाने मोजण्याची प्रथा रूढ झाली आहे. ती योग्य म्हणता येत नाही. शिसे विषारी आहे हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. फ्रिऑनमुळे ओझोनला धोका आहे, हे कळण्यास लागणारे ज्ञान १९३० मध्ये कोणापाशीच नव्हते, आणि त्या वायूने घरातील विषारी शीतकांपासून असंख्य माणसांना वाचविले, हेही तितकेच खरे.

भारतातील परिणाम

भारताने माँट्रियल करार १९ जून १९९२ रोजी स्वीकारला. ओझोन थरास घातक पदार्थांचे नियमन करणारे नियम २००० मध्ये लागू झाले आणि १ ऑगस्ट २००८ पासून देशातील क्लोरोफ्लुओरोकार्बनांचे उत्पादन, दम्याच्या फवाऱ्यांसारखे अपवाद वगळता, थांबले. शिसेविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. त्यामुळे जुनी गाडी बाळगणाऱ्यांपुढे मिजली यांच्या दोन्ही शोधांचे प्रश्न एकाच दशकात उभे राहिले. शिशाच्या लेपावर विसंबणाऱ्या एक्झॉस्ट झडपांच्या बैठका कठीण धातूच्या कराव्या लागल्या, आणि वातानुकूलन यंत्रणेसाठी दुसरा वायू शोधावा लागला.

जुन्या गाड्यांतील बदल

आर-१२ ऐवजी मोटारीत प्रामुख्याने आर-१३४ए हा वायू आला. त्यात क्लोरीन नसल्याने ओझोनला अपाय होत नाही, मात्र तोही तापमानवाढीस कारणीभूत ठरतो. जुन्या यंत्रणेत नुसता नवा वायू भरून भागत नाही. आर-१३४ए खनिज तेलात मिसळत नाही, त्यामुळे तेल कॉम्प्रेसरकडे परतत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुने तेल काढून एस्टर जातीचे तेल भरतात. नव्या वायूचे रेणू लहान असल्याने ते जुन्या रबरी नळ्यांतून झिरपतात. त्यासाठी आतून नायलॉनचा थर असलेल्या नळ्या, नव्या वायूस चालणारी रबरी कडी आणि नवा ड्रायर बसवावा लागतो. वायूचे वजन मूळच्या सुमारे ८० ते ९० टक्के ठेवतात.

सर्वांत मोठा फरक कंडेन्सरमध्ये पडतो. बाहेरची हवा तापलेली असताना आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा अधिक चढतो आणि जुना नळ्या-पत्र्यांचा कंडेन्सर तेवढी उष्णता बाहेर टाकू शकत नाही. चपट्या समांतर नळ्यांचा कंडेन्सर व त्यापुढे विजेचा पंखा, हा त्यावरचा रूढ उपाय होय. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारला याची कसोटी पनवेलपासून द्यावी लागते. पनवेल खाडीकाठी असल्याने तेथील दमट हवेतील पाणी काढण्यातच यंत्रणेची बरीच शक्ती खर्च होते. खोपोलीनंतर बोरघाटाच्या चढावर गाडीचा वेग घटतो, कंडेन्सरवरील वारा कमी होतो आणि इंजिनाची उष्णता मात्र वाढते. पंखा अपुरा असेल तर गाडीतील थंडावा नेमका येथेच नाहीसा होतो. रेडिएटरच कमकुवत असेल, तर कंडेन्सर बदलूनही चालकाला घाटात वातानुकूलन बंद ठेवावे लागते.

स्वस्त पर्याय म्हणून काही ठिकाणी प्रोपेन-ब्यूटेनचे मिश्रण भरले जाते. ते जुन्या तेलात मिसळते व चांगला थंडावाही देते, परंतु ते ज्वलनशील आहे. मिजली यांनी ज्या धोक्यापासून सुटका करण्यासाठी शोध घेतला, तोच अशा वेळी बंद गाडीत परत आणला जातो.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या सुधारणेनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या आणि सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा बदल न केलेल्या खासगी गाड्यांची ऐतिहासिक वाहन म्हणून वेगळी नोंदणी होते. त्यामुळे असे काम करताना मूळ भागांना छिद्रे न पाडता कंस बसविण्याची आणि काढलेले सुटे भाग जपून ठेवण्याची पद्धत संग्राहक पाळतात. जुन्या यंत्रणेत उरलेला आर-१२ हवेत न सोडता यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये जमा करावा लागतो.