विश्लेषण : सॉक्रेटिसचा जीव घेणारे हेमलॉक शरीरात नेमके काय करते?

इसवी सनपूर्व ३९९. अथेन्सच्या तुरुंगात सत्तरीच्या सॉक्रेटिसने विषाचा प्याला रिकामा केला. अंग बधिर होत गेले, पण तो जवळपास अखेरपर्यंत शुद्धीवर होता. असे का झाले?

सॉक्रेटिस कोण होता?

वडील पाथरवट, आई सुईण. पोटिडिया, डेलियम आणि अँफिपोलिसच्या मोहिमांत तो सैनिक म्हणून लढला. एरवी बाजारात, चौकात लोकांना प्रश्न विचारत राहिला. ग्रंथ मात्र एकही लिहिला नाही. इ.स.पू. ४०६ मध्ये सेनापतींवर एकत्रित खटला चालवणे बेकायदा असल्याचे सांगत त्याने विरोध केला. पुढे ‘तीस जुलमी’ सत्तेत आले. त्यांनी लिऑन नावाच्या नागरिकाला पकडून आणायला सांगितले, तेव्हा तो सरळ घरी निघून गेला.

खटला कशासाठी?

नगराचे देव न मानणे आणि तरुणांना बिघडवणे, हे आरोप होते. सुमारे ५०० नागरिकांच्या ज्युरीने त्याला दोषी ठरवले. डेलॉस बेटावर गेलेले धार्मिक जहाज परतेपर्यंत शिक्षा लांबली. तेवढ्यात मित्र क्रिटोने पळून जाण्याची व्यवस्था केली. ज्या कायद्यांच्या आधाराने आयुष्य काढले, ते गैरसोयीचे झाले म्हणून मोडायचे नाहीत, अशी सॉक्रेटिसची भूमिका होती.

विष कसे काम करते?

हेमलॉक ही गाजराच्या कुळातील रानटी वनस्पती. तिच्यातील कोनिन हे रसायन मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा संदेश अडवते. स्नायू लुळे पडतात आणि शेवटी श्वास थांबतो. मेंदू मात्र बराच काळ जागा राहतो.

मग शंका का घेतली गेली?

या मृत्यूचे वर्णन करणारा प्लेटो आजारपणामुळे तेथे हजर नव्हता. त्याने वनस्पतीचे नावही दिलेले नाही. मात्र पायांपासून वर चढणारी बधिरता हे त्याचे वर्णन कोनिनशी जुळते. पाणथळ जागी वाढणाऱ्या ‘वॉटर हेमलॉक’ने जोराचे झटके येतात. तसा उल्लेख त्यात नाही.

आज यावर उपाय आहे का?

कोनिनवर उतारा आजही नाही. विषाचा अंमल ओसरेपर्यंत व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवला, तर रुग्ण वाचू शकतो. सॉक्रेटिसपुढे वाचण्याचा एकच मार्ग होता, क्रिटोने सुचवलेला. तो त्याने प्याला हाती येण्यापूर्वीच नाकारला होता.