पंडिता रमाबाईंची अमेरिका

हैदराबादहून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या आपल्या पिढीतील मराठी माणसाला वाडी, गुलबर्गा, सोलापूर, दौंड ही स्थानके तोंडपाठ असतात. दौंड मागे पडले की थोड्याच वेळात केडगाव येते. बहुतेक जलद गाड्या तेथे न थांबता पुढे निघून जातात. लहानपणी अशाच एका प्रवासात वडिलांनी खिडकीबाहेर बोट दाखवून, तिकडे रमाबाईंचे मुक्तिसदन आहे, एवढेच सांगितले होते. सांगताना त्यांनी आवाज किंचित खाली आणला होता. त्या खाली आणलेल्या आवाजाचा अर्थ उमगण्यास मला बरीच वर्षे लागली. बेगम बाजारातील आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथासाठी लेखाची सूचना आली, तेव्हा मी हाच विषय मागून घेतला, त्यामागे ही जुनी आठवण आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, त्यांनी संस्कृत शिकविले, या अपराधासाठी त्यांना उडुपी येथील धर्मसभेपुढे शास्त्राधार दाखवून स्वतःचा बचाव करावा लागला होता. पुढे याच लक्ष्मीबाईंनी धाकट्या लेकीला संस्कृत शिकविले. घरची सुबत्ता ओसरली आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला लागले. देवळाच्या ओवरीत पुराण सांगावे, मिळेल त्या शिध्यावर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. घराच्या चार भिंती रमाबाईंच्या वाट्याला जवळजवळ आल्याच नाहीत. पण भागवताचे अठरा हजार श्लोक मात्र मुखोद्गत झाले. दक्षिणेतील दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे गेली. उरलेली दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास, पायी देश तुडवीत उत्तरेस काश्मीरपर्यंत गेली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

पुढील चार वर्षांत जे घडले ते एखाद्या शोकांतिकेच्या वेगाने घडले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी आणि भाषा निराळी, तेव्हा दोन्हीकडून बहिष्कार आला. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक आणि हंटर आयोगापुढे दिलेली साक्ष ही कामे त्यांनी एका वर्षात केली. स्त्रियांना स्त्रीवैद्य हवेत, हा त्या साक्षीतील आग्रहाचा मुद्दा होता. स्वतः वैद्यक शिकावे या इच्छेने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या; परंतु कानांनी दगा दिला. बहिरेपणामुळे वैद्यकाचा विचार सोडावा लागला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि महाराष्ट्रात वादळ उठले. महात्मा फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. असे करणारे मराठी लेखक बोटांवर मोजण्याइतकेच होते.

अमेरिकेचा योग आला तो आनंदीबाई जोशी यांच्यामुळे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. त्या समारंभासाठी महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडले यांनी रमाबाईंना इंग्लंडहून बोलाविले. दोघींचे दूरचे नातेही होते. वर्षभरात आनंदीबाई पुण्यात निवर्तल्या. समारंभासाठी गेलेल्या रमाबाई मात्र जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या.

त्या काळात ग्रोव्हर क्लीव्हलंड हे संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष होते. त्यांचे खाजगी व सरकारी कागद आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात जतन केलेले आहेत. आपल्याला नवल वाटेल, पण त्या देशात अध्यक्षांची कागदपत्रे दीर्घकाळ त्यांची खाजगी मालमत्ता मानली जात. क्लीव्हलंड यांच्या आधीचे अध्यक्ष चेस्टर आर्थर १८८६ च्या नोव्हेंबरात वारले. आपले बहुतेक कागद त्यांनी मृत्यूपूर्वी जाळवून टाकले होते. राष्ट्रीय अभिलेखागार १९३४ साली स्थापन झाले, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपली कागदपत्रे राष्ट्राला देऊन काढलेले ग्रंथालय १९४१ साली उघडले आणि अध्यक्षांचे कागद कायद्याने जनतेच्या मालकीचे ठरले ते १९७८ मध्ये. आपल्याकडे तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात मोगल व आसफजाही काळाचे फारसी कागद चाळणाऱ्यास एक गोष्ट लवकरच कळते. दप्तरात हुकूम सापडतो. तो हुकूम ज्याच्यावर बजावला गेला, तो माणूस क्वचितच सापडतो. अमेरिकेच्या दप्तरांनाही हे लागू आहे. म्हणूनच त्या दिवसांत तेथे वावरणाऱ्या एका मराठी विधवेने लिहिलेल्या पुस्तकाला मी त्या दप्तरांच्या शेजारी जागा देतो.

क्लीव्हलंड यांच्या कारकिर्दीतील घटना पाहाव्यात. १८८६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे अनावरण झाले. स्वातंत्र्याला स्त्रीचे रूप दिलेल्या त्या राज्यात खऱ्या स्त्रीला मताधिकार नव्हता, आणि म्हणून मताधिकारवादी स्त्रियांनी नाव भाड्याने घेऊन पाण्यातून निषेध केला. १८८७ च्या फेब्रुवारीत अध्यक्षांनी डॉज कायद्यावर सही केली आणि मूळ रहिवासी जमातींच्या सामाईक जमिनीचे तुकडे पाडण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी यूटा प्रांतातील स्त्रियांना १८७० पासून असलेला मताधिकार काँग्रेसच्या कायद्याने काढून घेतला गेला. १८८८ च्या ऑक्टोबरात स्कॉट कायदा आला आणि परत येण्याचे दाखले घेऊन मायदेशी गेलेल्या चिनी मजुरांना सॅनफ्रान्सिस्कोचे बंदर बंद झाले. त्याच वर्षअखेर, त्याच बंदरातून, रमाबाई पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजात बसल्या. तत्पूर्वी नोव्हेंबरात निवडणूक झाली होती. क्लीव्हलंड यांना जनतेची सुमारे नव्वद हजार मते अधिक पडूनही ते हरले, कारण निर्वाचक मंडळात बेंजामिन हॅरिसन यांना २३३ आणि त्यांना १६८ मते मिळाली. लोकशाहीचे हे गणित आजही आपल्या विद्यार्थ्यांना समजावताना दमछाक होते.

या तीन वर्षांत रमाबाई अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत हिंडल्या. बालोद्यानाची शिक्षणपद्धती त्या शिकल्या, शाळा, तुरुंग, अनाथगृहे यांना त्यांनी भेटी दिल्या आणि गावोगावी व्याख्याने दिली. १८८७ साली ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघाले. त्याच्या दहा हजार प्रती खपल्या आणि त्या पैशातून पुढील कार्याचा पाया रचला गेला. डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व हिंदुस्थानात विधवांसाठी काढावयाच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य करण्याचे त्याने मान्य केले. १८८८ च्या मार्चअखेरीस वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सूझन अँथनी यांनी बोलाविलेल्या या परिषदेत रमाबाईंचेही भाषण झाले. अध्यक्षांनी व त्यांच्या पत्नीने परिषदेच्या प्रतिनिधींचे व्हाइट हाउसमध्ये स्वागत केले. मताधिकार मात्र त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १९२० साली, घटनेत आला.

या सर्व अनुभवाचा ग्रंथ म्हणजे १८८९ साली मुंबईत प्रसिद्ध झालेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. नावातील क्रम ध्यानात घ्यावा. लोकस्थिती आधी आहे, प्रवासवृत्त नंतर. आपल्या अनेक प्रवासवर्णनांत लेखक कोठे उतरला आणि काय जेवला हेच पानोपानी असते. येथे सागरप्रवासाचे प्रकरण आटोपले की बाई लवकरच राज्यपद्धतीकडे वळतात. काँग्रेसची दोन गृहे, अध्यक्षाची निवड, संस्थानांचे आणि मध्यवर्ती सत्तेचे अधिकार हे सर्व त्या अशा वाचकांसाठी मांडतात, ज्यांनी गव्हर्नर-जनरलखेरीज दुसरा राज्यप्रमुख पाहिला नव्हता. शिक्षण, धर्मपंथ, परोपकारी संस्था, व्यापार यांवर प्रकरणे आहेत. सर्वांत विस्तृत प्रकरण स्त्रियांच्या स्थितीचे आहे.

रमाबाई अमेरिकेने भारावल्या होत्या यात शंका नाही, आणि काही ठिकाणी त्यांचे कौतुक अंमळ जास्तच होते असे मला वाटते. मात्र त्यांनी डोळे मिटून घेतले नव्हते. गुलामगिरी कायद्याने जाऊनही काळ्या माणसाविषयीची घृणा गेलेली नाही, हे त्यांनी पाहिले. गुलामगिरीतून स्वतः पळून शेकडो मैलांवरून इतरांना सोडविणाऱ्या हॅरिएट टबमन यांना त्या भेटल्या व मराठी वाचकाला त्यांची ओळख करून दिली. मूळ रहिवाशांशी गोऱ्यांनी केलेल्या विश्वासघाताविषयी त्यांनी स्पष्ट लिहिले. नव्याने ख्रिस्ती झालेली स्त्री एका ख्रिस्ती राष्ट्राविषयी असे लिहिते, याकडे त्यांच्या टीकाकारांनी लक्ष द्यावयास हवे होते. त्यांनी ते दिले नाही.

स्वदेशी परतताच ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाच्याच तारखेस, मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. येथे शिकलेल्या गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि महाराष्ट्र त्यांना आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखू लागला. त्याच वर्षी सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात या कारणावरून गदारोळ झाला, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची येथे चूक नव्हती असे मी म्हणणार नाही. धर्माविषयी तटस्थ राहण्याचे अभिवचन आणि त्यांची वाढती श्रद्धा यांत ताण होताच. पण काढून नेलेल्या मुलींसाठी दुसरी शाळा कोणी काढली नव्हती, हेही नोंदविले पाहिजे. ते काम कर्व्यांनी काही वर्षांनी हाती घेतले.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली केडगावास आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही सर्व कामे बायका करीत. आपल्या हैदराबाद संस्थानाशीही त्यांचा संबंध जडला. १९१२ च्या सुमारास निजामाच्या मुलखातील गुलबर्ग्यास त्यांनी शाळा काढली आणि मनोरमाबाई तिच्या प्रमुख झाल्या. गुलबर्ग्याहून केडगावाला जाणाऱ्या त्याच लोहमार्गावरून मायलेकींची ये-जा होत असली पाहिजे.

मनोरमाबाई १९२१ च्या जुलैत आईआधीच गेल्या. रमाबाई हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. त्याची अखेरची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

अमेरिकेवरील त्यांचे पुस्तक दीर्घकाळ दुर्मिळ होते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते १९९६ साली पुन्हा छापले आणि २००३ साली अमेरिकेतून त्याचे दोन स्वतंत्र इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाले. या लेखाच्या निमित्ताने मी आपल्या ग्रंथालयात त्याची प्रत शोधली. प्रवासवर्णनांच्या कपाटात ती नव्हती, इतिहासाच्याही नव्हती. अखेर ती धर्मविभागात, खालच्या फळीवर सापडली. ग्रंथपालांना दाखविले, तेव्हा त्यांनी काही न बोलता जुना क्रमांक खोडला, नवा घातला आणि पुस्तक उचलून प्रवासवर्णनांत नेऊन ठेवले.