जोसेफ स्मिथ व कायद्याची मर्यादा

लोकांस अप्रिय असलेल्या मनुष्याचें जेथें रक्षण होतें आणि लोकांस अत्यंत प्रिय असलेल्या पुढाऱ्यासही जेथें आळा बसतो, तेथेंच कायद्याचें राज्य आहे असें आम्ही समजतों. या दोहोंपैकीं एका गोष्टीचा लोप झाला कीं दुसरीही फार काळ टिकत नाहीं. अमेरिकेंतील मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचें चरित्र या दृष्टीनें मोठें बोधप्रद असल्यामुळें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याच्या धर्ममतांचा खरेखोटेपणा ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. तो विचार ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें करावा.

जोसेफचा जन्म २३ डिसेंबर १८०५ रोजीं व्हरमाँट संस्थानांतील शॅरन या गांवीं झाला. त्याच्या वडिलांनीं चीन देशीं जिनसेंग नांवाची औषधी मुळी पाठविण्याचा व्यापार केला, त्यांत ते बुडाले. देणें फेडण्यासाठीं शेत विकावें लागलें व आई लूसी हिला लग्नांत मिळालेले १००० डॉलरही त्यांत गेले. १८१६ सालीं ऐन उन्हाळ्यांत थंडी पडून पिकें गेलीं, तेव्हां हें कुटुंब न्यूयॉर्क संस्थानांत पामायरा येथें जाऊन राहिलें. तेथेंही दैवानें पाठ सोडली नाहीं. १८२३ मध्यें थोरला मुलगा ॲल्विन वारला आणि दोन वर्षांनीं नवें शेत हातचें जाऊन घरच्यांस त्याच शेतांत कुळें म्हणून राहणें भाग पडलें. जोसेफ मजुरी करी व एका खड्याच्या साह्यानें पुरलेलें धन शोधून देण्याचा धंदाही करी; त्याबद्दल १८२६ सालीं त्याला मॅजिस्ट्रेटपुढें उभें राहावें लागलें. पुढल्याच वर्षीं एमा हेल हिनें बापाच्या इच्छेविरुद्ध त्याच्याशीं लग्न केलें.

देवदूताच्या आज्ञेनें आपणांस सोन्याचे लेखांकित पत्रे मिळाले असें जोसेफनें १८२७ सालीं घरीं सांगितलें, व त्यांवरील मजकूर भाषांतर म्हणून तो सांगूं लागला. लेखनाचें काम प्रथम एमानेंही केलें. मार्टिन हॅरिस या शेतकऱ्यानें आपली जमीन गहाण टाकली, तेव्हां त्या ग्रंथाच्या ५००० प्रती छापून १८३० च्या मार्चमध्यें बाहेर पडल्या. ६ एप्रिल रोजीं पंथाची स्थापना झाली. आईबाप व हायरम, सॅम्युएल हे भाऊ आरंभापासूनच त्यांत होते. विपत्तींतून एकत्र आलेलें घर हाच या पंथाचा पाया होय.

पुढें ओहायो संस्थानांत कर्टलंड येथें पंथानें ठाणें दिलें. तेथें सरकारी सनद मिळाली नसतांही पुढाऱ्यांनीं पेढी काढली. ती १८३७ सालीं बुडाली आणि पैशाबरोबर अनेकांचा विश्वासही गेला. मिसुरी संस्थानांत तर शेजाऱ्यांशीं उघड वैर जडलें. मॉर्मनांकडूनही लुटालूट व जाळपोळ झाली हें खरें. परंतु गव्हर्नर बॉग्ज यानें २७ ऑक्टोबर १८३८ रोजीं, या लोकांचा नायनाट करावा अथवा त्यांस हद्दपार करावें, असा हुकूम काढला. तीनच दिवसांनीं हॉन्स मिल येथें १७ मॉर्मन मारले गेले. जोसेफ त्या हिंवाळ्यांत खटल्याची सुनावणी न होतां लिबर्टी गांवच्या तुरुंगांत पडून होता. हा हुकूम विधिपूर्वक रद्द होण्यास १९७६ साल उजाडावें लागलें!

ज्यानें इतका अन्याय सोसला, त्याच्या हातीं सत्ता आली तेव्हां काय झालें? इलिनॉय संस्थानानें १८४० सालीं नव्हू शहरास सनद दिली. तिच्या आधारें जोसेफ तेथला नगराध्यक्ष, न्यायाधीश व पलटणीचा सेनापति झाला. धर्मगुरु तर तो होताच. याच काळांत त्यानें गुप्तपणें अनेक विवाह केले. ती संख्या ३० ते ४० असावी, व एका मुलीस तर १५ वें वर्षही पुरें झालें नव्हतें, हें त्या पंथानें २०१४ सालीं स्वतःच प्रसिद्ध केलें आहे. १८४२ सालीं स्त्रियांची साह्यकारी संस्था निघाली व एमा तिची अध्यक्षा झाली. पण तिच्याच सभासदांत आपल्या सवती आहेत याची त्या वेळीं तिला वार्ता नव्हती. ज्या गोष्टीस स्त्रीचा मान घरांत उरत नाहीं, तिला धर्माज्ञा म्हटल्यानें तिचा दोष धुऊन निघत नाहीं.

पंथांतून फुटलेल्या मंडळींनीं ७ जून १८४४ रोजीं एक वर्तमानपत्र काढून बहुपत्नीत्व व एकमुखी सत्ता यांवर टीका केली. तो त्याचा पहिला व अखेरचा अंक ठरला. जोसेफच्या नगरसभेनें हें पत्र म्हणजे सार्वजनिक उपद्रव होय असा ठराव केला व १० जून रोजीं छापखाना फोडून टाकविला. मजकूर अब्रुनुकसानीचा असता तर न्यायालयाचें दार मोकळें होतें. परंतु आरोपीच न्यायाधीश झाल्यावर न्याय उरतो कोठें?

या कृत्यानंतर जोसेफ व हायरम यांस कार्थेज येथील तुरुंगांत ठेवण्यांत आलें. गव्हर्नर फोर्ड यानें रक्षणाचें वचन दिलें होतें, तरी २७ जून रोजीं तोंडें काळीं केलेल्या जमावानें आंत शिरून दोघांचा खून केला. पुढल्या वर्षीं पांच जणांवर खटला झाला व पांचही जण सुटले. खुनानंतर सुमारें महिन्याभरानें सॅम्युएलही वारला. वयांत आलेल्या सहा मुलांपैकीं लूसीपाशीं एकटा विल्यम उरला. एमा त्या वेळीं गरोदर होती. बहुसंख्य अनुयायी ब्रिगहॅम यंगबरोबर यूटाकडे गेले; ती नव्हूसच राहिली, आणि आपल्या पतीनें दुसरी बायको केलीच नाहीं असें १८७९ सालीं मरेपर्यंत सांगत राहिली. त्याच वर्षीं अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें, सतीसारख्या चालीचा दाखला देऊन, श्रद्धा मोकळी असली तरी आचरण कायद्याच्या अधीन आहे असा निवाडा केला. १८९० सालीं पंथाध्यक्षांनीं बहुपत्नीत्व सोडण्याची घोषणा केली.

मिसुरीच्या गव्हर्नरानें कायदा मोडला, नव्हूच्या नगराध्यक्षानें मोडला, आणि कार्थेजच्या जमावानेंही मोडला. प्रत्येकास आपला पक्ष न्यायाचा वाटत होता. ज्यांस स्वराज्याचा अभिमान आहे त्यांनीं आपल्या आवडत्या पुढाऱ्याविषयींही हें मनांत वागवावें. विरुद्ध पक्षाचा छापखाना सुरक्षित असेल, तोंवरच आपल्या पक्षाचा कैदी सुरक्षित असतो.